शून्याचं टोक

१

उस्मानपुऱ्यातलं आमचं ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक प्रिंटर आणि मंजुषाचा आवाज. पॉलिटेक्निकला एका बाकावर बसलो तेव्हापासून आम्ही दोघी बरोबर मोजमापं करतोय. प्लॉट, शेतं, लोकांनी गुपचूप वाढवलेल्या गच्च्या, बिडकीनकडच्या गोडाऊनच्या जमिनी. बावीस वर्षांत वाटणी ठरून गेली आहे. टेपचं शून्याचं टोक मंजूकडे, चकरी माझ्याकडे. ती टोक घेऊन पुढे जाते, भिंतीला लावते आणि ओरडते, “धरलं!” मी आकडा वाचते, वहीत लिहिते आणि ओरडते, “सोड!” तोवर ती हलत नाही.

हलत नाही म्हणजे नाही. एकदा बिडकीनला तिच्या पायावर मुंगळे चढले होते आणि माझं पेन उठत नव्हतं. मी दुसरं पेन शोधून आकडा लिहीपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग मला ज्या शिव्या दिल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत, पण टोक सोडलं नव्हतं. हाताखालच्या पोरांनी टेप खिळ्याला अडकवून ठेवलेली दिसली तर ती पोरांना दिवसभर धारेवर धरते.

हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगितलं तर मी माझी बाजू सावरतेय असं वाटेल.

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही कामाला सुट्टी दिली आणि मेहेरखेड्याचा महाल बघायला निघालो. मंजू राहते फुलंब्रीत, रोज बसने शहरात येते. मी साडेनऊला गाडी घेऊन तिच्या दारात पोचले, तर तिची नऊ वर्षांची तनुजा अंगणात नाचाच्या पावलांची उजळणी करत होती. संध्याकाळी सात वाजता तिच्या शाळेचं गॅदरिंग होतं. मागच्या वर्षी आम्ही साइटवर अडकलो होतो आणि पोरगी स्टेजवरून रिकामी खुर्ची बघत नाचली होती.

“उमामावशी, आईला सहाच्या आत आणून सोड. नाय आणलंस तर मी नाचणारच नाय,” ती म्हणाली.

“पाचलाच आणते,” मी म्हणाले.

“तुझ्या मावशीच्या पाचचा काय भरवसा नाय,” मंजू म्हणाली आणि डबा घेऊन गाडीत बसली.

२

मेहेरखेडा फुलंब्रीच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत. रस्त्याच्या कडेला मका वाळत घातलेली, त्यावरून गाड्या जाऊ नयेत म्हणून दगड मांडलेले. कुठल्याशा जहागीरदाराचं हे गाव. वेशीच्या आत दोन गल्ल्या, एक मशीद, एक मारुती, आणि मग एकदम हा महाल, कुणी चुकून आणून ठेवल्यासारखा. कोरडा हौद, बंद कारंजी, पुढे दिवाणखाना आणि मागे जनाना. फाटकावर बन्सी नावाचा पहारेकरी होता, डोक्याला मफलर गुंडाळलेला.

“दोघीच का?” त्याने विचारलं.

“दोघीच.”

“साडेचारला कुलूप घालतो मी. मागचं दालन बघून घ्या आधी, तिथं लवकर अंधारतंय.”

आम्ही अर्थातच आधी डबा खाल्ला. हौदाच्या काठावर बसून भाकरी, ठेचा, कांदा. मंजूने दिवाणखान्यातले पोपट रंगवलेले कोनाडे बघितले, मोबाइलवर फोटो काढले, आणि जहागीरदाराला किती बायका असतील यावर तिने जे अंदाज बांधले ते ऐकून मी पाणी पिताना ठसकले. फार चांगला दिवस होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

जनान्याच्या बाहेरून चक्कर मारताना मी सवयीने पावलं मोजली. लांबीला चोवीस पावलं. माझं पाऊल पाऊण मीटरचं, म्हणजे अठरा मीटर. मागची भिंत नुसती दगडी, तिला दार नाही, खिडकी नाही, साधा झरोकासुद्धा नाही.

“मोजलीस ना?” मंजू म्हणाली. “सुट्टीच्या दिवशी बी मोजायलीस. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाय बघ.”

३

जनान्यात एकच लांब दालन आहे. एका बाजूला कमानी, त्यांना जाळ्या. दुसऱ्या बाजूला चुना उडालेली भिंत. पारव्यांचा आणि जुन्या चुन्याचा वास. पलीकडच्या टोकाला एक बुटकं दार, आणि दाराच्या आत अंधारी खोली.

माझ्या पर्समध्ये अंतर मोजायचा लेझर असतो. सहज म्हणून मी तो दालनाच्या त्या टोकावर मारला. बारा मीटर चाळीस. ठीक. बाहेरून अठरा, भिंतींची जाडी सोडली तर आतली खोली चारेक मीटरची असणार. मग मी लेझर बुटक्या दारातून आत मारला, खोलीच्या मागच्या भिंतीवर. एकोणीस मीटर दहा.

पुन्हा मारला. बावीस मीटर पस्तीस.

तिसऱ्या वेळी लेझरने आकडाच दिला नाही, नुसत्या रेघा दाखवल्या.

“धूळ असंल,” मंजू म्हणाली. “नायतर तुझा लेझर म्हातारा झाला.”

शक्य होतं. धुळीने लेझर फसतो, ओल्या भिंतीनेही फसतो. पण मला आकडा जुळला नाही की रात्री झोप येत नाही. मी गाडीतून तीस मीटरची टेप आणली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा ते कुठे कळतं? पावणेचार वाजले होते. पाच मिनिटांचं काम.

मंजूने कुरकुर न करता शून्याचं टोक घेतलं, मोबाइलची बॅटरी लावली आणि निघाली. बुटक्या दारापाशी थांबून तिने चपला काढल्या.

“चपला कशाला काढतेस?”

“काय म्हाईत, देवघर असलं तर?” ती म्हणाली. कसली खोली आहे ते कळत नसेल तर चपला बाहेर ठेवायच्या, हे तिचं लहानपणापासूनचं. मग ती वाकून आत गेली.

४

मी दालनाच्या अलीकडच्या टोकाला, आम्ही आत आलो त्या मोठ्या दाराशी चकरी धरून उभी होते. चकरी फिरत होती. दहा, बारा, चौदा. सोळा-सतराला ती थांबायला हवी होती.

सोळा गेले. अठरा गेले.

“भिंत आली का गं?”

“नाय अजून.”

वीस.

मला आधी आकड्याने नाही, आवाजाने खटकलं. वीस मीटर लांब गेलेला माणूस ओरडून बोलतो. मंजू ओरडत नव्हती. ती शेजारच्या टेबलावरून बोलावं तशी बोलत होती. जुन्या बांधकामात आवाज असा येतो, मी स्वतःला सांगितलं. घुमटात एका टोकाला कुजबुजलं की दुसऱ्या टोकाला ऐकू येतं, हे शाळेच्या सहलीत सगळ्यांनी बघितलेलं असतं. इथे घुमट नव्हता. पण छत मी नीट बघितलं तरी कुठे होतं?

चोवीस. सव्वीस.

“मंजू, तू वळलीस का कुठे? सरळ जातेयस ना?”

“सरळच जायली. लई लांब हाय गं हे.” आणि मग, “आली. धरलं!”

टेप ताणली गेली. मी वाकून आकडा बघितला. सत्तावीस मीटर ऐंशी.

बाहेरून अठरा असलेली इमारत आतून सत्तावीस ऐंशी असू शकत नाही. टेपला झोळ पडला असेल. पण टेप पार ताठ होती, बोट लावलं तर थरथरत होती. मंजू तिरपी गेली असेल. तिरपी गेली तरी दहा मीटर? तिकडे तळघर असेल, उतार असेल, ती मागच्या भिंतीखालून बाहेर गेली असेल. मी वही काढली आणि आकडा लिहायला घेतला, कारण लिहिल्यावर चूक सापडते असा माझा अनुभव आहे.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

५

मंजू होती.

माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याने पारवे उडाले. ती हसली.

“भ्यालीस व्हय?”

“तू... तू कुठून आलीस?”

“तिकडून. मागं दार हाय की.”

एवढं ऐकून मला किती हायसं वाटलं ते सांगता येत नाही. मागे दार आहे! ती दारातून बाहेर पडली, पार आवारात गेली, म्हणून सत्तावीस. सगळं जुळलं. मी हसायला लागले. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की मागच्या भिंतीला दार नाही. ती भिंत मी तासाभरापूर्वी स्वतः बघितली होती.

माझ्या हातातली चकरी ओढ खात होती.

“मग टेप कुणी धरलीय?” मी विचारलं.

“खिळ्याला अडकवली,” मंजू म्हणाली.

बावीस वर्षांत जी बाई मुंगळे चढले तरी हलली नाही, ती मी ‘सोड’ म्हणायच्या आधी टोक खिळ्याला अडकवून आली. मी तिच्याकडे बघत राहिले. तोच निळा कुर्ता, ओढणीवर ठेच्याचा तोच डाग. पायात चपला होत्या, उजवीचा अंगठा लाल दोऱ्याने शिवलेला.

आतून, बुटक्या दाराच्या अंधारातून, मंजूचा आवाज आला.

“उमे, वाचलं का? हात भरून आला माझा.”

मी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मंजूच्या तोंडाकडे बघितलं. ती दचकेल, माझा दंड धरेल, निदान ‘कोण गं हे?’ असं तरी म्हणेल, याची मी वाट बघत होते. तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं.

“चार वाजून गेले,” ती म्हणाली. “चल. पोरगी वाट बघत असंल.”

तिने तो आवाज ऐकला होता. ऐकून ती दचकली नव्हती.

६

मी मोबाइलची बॅटरी लावून दालनाच्या त्या टोकाकडे धरली. टेप कमरेच्या उंचीवर सरळ रेषेत गेलेली, बुटक्या दारातून आत. दाराच्या आत उजेड शिरतच नव्हता. उंबऱ्याशी चपला होत्या, एकीला एक लावून नीट ठेवलेल्या. उजवीचा अंगठा लाल दोऱ्याने शिवलेला.

“मंजू?” मी हाक मारली. कुणाला मारली ते मलाच माहीत नाही.

“व्हय,” दोघीही म्हणाल्या.

मग आतली म्हणाली, “सोडू का?” आणि टेपला दोन हिसके बसले. लांब असलो आणि आवाज पोचत नसला की ती असेच दोन हिसके देते. ही खूण आमच्या दोघींचीच आहे. दुसऱ्या कुणाला ती माहीत असायचं कारण नाही.

मी ‘सोड’ म्हणायला तोंड उघडलं. शेजारच्या मंजूने माझ्या मनगटावर हात ठेवला. हात उबदार होता. बोटांना कांद्याचा वास होता.

“म्हणू नको,” ती हळूच म्हणाली. “म्हटलंस तर येईल ना ती.”

मी तोंड मिटलं. मला कुणी काही विचारू नका. मी धीट बाई आहे, गुंठेवारीच्या भांडणात कोयता घेऊन आलेल्या माणसासमोर मी नकाशा पसरून उभी राहिलेली आहे. पण त्या दाराच्या अंधारात, चौकटीच्या वरच्या बाजूला, मला चार बोटं दिसली. आत असलेलं कुणीतरी वाकून बाहेर बघायला येताना चौकटीला धरतं तशी. एवढंच दिसलं. मंजूची असतील. बाहेर यायला निघालेल्या माझ्या मैत्रिणीची बोटं असतील. मी बॅटरी खाली केली.

“ताई, चला!” मागून बन्सीचा आवाज आला. किल्ल्यांचा जुडगा वाजला. “कुलूप घालायचंय.”

“दादा, आत...” मी म्हणाले. “आत कुणीतरी राहिलंय.”

बन्सी दाराशीच थांबला. आत पाऊल टाकलं नाही त्याने. त्याने माझ्याकडे बघितलं, मंजूकडे बघितलं.

“दोघी आलता ना?”

“हो.”

“दोघी हायती की. मंग कोण राहिलं?”

याचं उत्तर काय द्यायचं? माझी मैत्रीण आत आहे असं म्हणायचं, तर ती माझ्या शेजारी उभी होती, ओढणी सारखी करत. दोन आल्या, दोन निघाल्या. आयुष्यभर आकडे जुळवले, आणि त्या दिवशी आकडा जुळला म्हणून माझं तोंड बंद झालं.

मी चकरी खाली ठेवली. गुंडाळली नाही. आम्ही बाहेर आलो. बन्सीने भराभर दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं. लाकूड जाड होतं तरी ऐकू आलं.

“उमे?”

एकदाच. रागाने नाही. माझं पेन उठत नसल्यावर ती विचारते तसं, काय झालं गं, असं. बन्सी फाटकाकडे चालायला लागला होता. त्याने मागे वळून बघितलं नाही.

७

गाडी मी कशी चालवली मला आठवत नाही. मका वाळत घातलेली जागा आली तेव्हा एक दगड चाकाखाली गेला आणि मी भानावर आले. शेजारी मंजू डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

मला वाटलं, मी वेडी झालेय. उन्हाने असेल, उपाशीपोटी नव्हते म्हणजे उपासाने नाही. मी तिला काहीबाही विचारत सुटले. पॉलिटेक्निकला आपल्या बाकावर काय कोरलं होतं? तिने सांगितलं. माझ्या आईला शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा रात्री कोण थांबलं होतं? “मीच की,” ती म्हणाली. “तू बाकड्यावर झोपली होतीस. काय विचारायलीस हे?” तनुजाचा नाच कोणत्या नंबरला आहे? “सातव्या.” एकही उत्तर चुकलं नाही. एक तरी चुकायला हवं होतं.

मुख्य रस्ता लागला. डावीकडे फुलंब्री. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मी रडत होते.

“मी परत जाते,” मी म्हणाले. “बन्सीकडून किल्ली घेते. नाही दिली तर कुलूप फोडते.”

वाटलं, ‘कशाला?’ असं मंजू विचारेल, ‘तुझं डोकं फिरलंय’ म्हणेल, मला दोन शिव्या देईल. देवाशपथ, तिने एक शिवी दिली असती तरी मी विश्वास ठेवला असता.

“राहू दे तिला,” ती म्हणाली.

“मंजू...”

“राहू दे गं. उगी बसलीय ना ती? सात वाजता पोरीला खुर्चीत आई दिसाया पायजे. आता मागं गेलीस तर कोण दिसंल तिला?” आणि तिने माझ्या खांद्याला चिकटलेलं कोळ्याचं जाळं बोटाने काढून खिडकीबाहेर टाकलं. “चालव.”

रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला, मग एक एसटी. मी ती दोन्ही जाऊ दिली. गाडी वळवायला रस्ता मोकळा होता. मी गाडी सुरू केली आणि डावीकडे घेतली.

८

साडेपाचला आम्ही तिच्या दारात होतो. तनुजा धावत आली आणि मंजूच्या कमरेला मिठी मारली. मी बघत होते. लेकराला कळतं म्हणतात. ती मागे सरेल, रडेल, काहीतरी होईल. ती म्हणाली, “आई, वेणी घाल लवकर,” आणि पायरीवर पाठ करून बसली. मंजूने कंगवा दातात धरला, केसांचे तीन भाग केले. मी तिथेच उभी होते. पोरीला कळलं असतं तर मला किती बरं वाटलं असतं.

गॅदरिंगला आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. तनुजा सातव्या नंबरला आली. तिने पहिल्यांदा खुर्ची शोधली, आई दिसली, आणि मग सगळा नाच ती तिच्याकडेच बघून नाचली. इतकी छान नाचली की शेजारच्या बायका विचारायला लागल्या, कुणाची गं ही? “माझी,” मंजू म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी होतं, मी बघितलं.

मीही टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांच्या आवाजात ती माझ्या कानाशी वाकली. “मेहेरखेड्याला जाऊ नको हं उमे. वचन दे.”

मी तिच्याकडे बघितलं नाही. स्टेजवर तनुजा कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार करत होती.

“नाही जाणार,” मी म्हणाले.

आज अकरा दिवस झाले. मी गेलेली नाही.